घरगुती बिअरनिर्मितीतील किण्वनपात्रांची विभागणी : एक तुलनात्मक प्रयोग

अमेरिकेत १९७८ साली संमत झालेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून अमलात आला आणि प्रौढ व्यक्तींना घरगुती उपयोगासाठी करमुक्त बिअर तयार करण्याची मुभा मिळाली. (महाराष्ट्रात परवान्याविना मद्यनिर्मिती हा दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये गुन्हा आहे.) तेथील हौशी निर्मात्यांत पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, हे एका खेपेचे रूढ माप होय. काहीजण दुप्पट अर्क उकळतात, तो दोन पात्रांत विभागतात व प्रत्येकात वेगळे यीस्ट घालतात. अर्क एकच, तेव्हा चवीतील फरक यीस्टचाच, असा त्यामागील तर्क असतो. विभागणी खरोखर समान झाली असेल तरच तो टिकतो.

मोड आणून वाळविलेल्या बार्लीचा गोड अर्क हॉपसह उकळून थंड केला की प्रथिने, स्निग्ध पदार्थ व हॉपचे कण यांचा गाळ तळाशी बसतो. पहिले पात्र पूर्ण भरून मग दुसरे भरल्यास दुसऱ्याच्या वाट्याला अधिक गाळ येतो. हा गाळ निष्क्रिय नसतो. त्यातील असंतृप्त मेदाम्ले व जस्त यीस्टच्या वाढीस साहाय्य करतात. शिवाय मेदाम्ले वाढली की फळांसारखा गंध देणारी काही एस्टरे कमी निर्माण होतात. यीस्टच्या नावावर जमा होणारा गंधभेद अशा वेळी प्रत्यक्षात गाळाचा असू शकतो. म्हणून अर्क आळीपाळीने थोडाथोडा ओतावा, किंवा आधी एकत्र ढवळून मग वाटावा. ओतताना मिसळणाऱ्या हवेचे प्रमाणही सारखे हवे, कारण आरंभीच्या वाढीसाठी यीस्टला प्राणवायू लागतो.

यीस्टची मात्रा मोजूनच घालावी. एल प्रकारच्या बिअरसाठी दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला सुमारे साडेसात लाख पेशी हे प्रचलित प्रमाण आहे. १२ अंशांच्या १९ लिटर अर्कास त्यानुसार सुमारे १७,१०० कोटी पेशी लागतात.

लहानमोठी पात्रे एकत्र वापरणे हा सर्वांत दुर्लक्षिला जाणारा दोष म्हणावा लागेल. किण्वनात उष्णता निर्माण होते. समान घडणीच्या पात्राचे आकारमान एक-अष्टमांश केले, तर दर लिटरमागे त्याचे पृष्ठफळ दुप्पट होते व उष्णता लवकर निघून जाते. एकाच खोलीत शेजारी ठेवलेल्या दोन पात्रांतील तापमान त्यामुळे वेगळे राहते.

एवढे करूनही दोन पात्रांतील फरक कितपत खरा, हा प्रश्न उरतोच. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी लहान नमुन्यांच्या याच अडचणीवर १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख प्रसिद्ध केला होता. हौशी निर्मात्याने निदान तिसरे पात्र घ्यावे आणि त्यात पहिल्याचेच यीस्ट घालावे. या दोन समान पात्रांतही चव भिन्न लागली, तर तेवढा फरक विभागणीचा किंवा योगायोगाचा मानून यीस्टच्या हिशेबातून वगळावा लागतो.