डॉ. अंगर यांचा डावा हात

दृष्ट काढताना कानशिलावर कडाकडा बोटं मोडणारी आजी, नातवानं सहज चाळा म्हणून बोटं मोडली की खेकसते: ‘सांधे धरतील!’ ही आजी अमेरिकेतही असते. कॅलिफोर्नियातल्या डॉ. डोनाल्ड अंगर यांच्या वाट्याला ती आई, मावश्या-आत्या आणि पुढे सासूबाई अशा रूपांत आली. अंगर वाद घालत बसले नाहीत. 50 वर्षं, दिवसातून निदान दोनदा, त्यांनी फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला. हिशेब किमान 36,500 वेळांचा.

1998 साली एका संधिवातविषयक नियतकालिकात त्यांचं छोटंसं पत्र आलं: संधिवात दोन्ही हातांना नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, मग पालक खाण्याचा वडीलधाऱ्यांचा आग्रहही असाच पोकळ असेल काय? 2009 साली त्यांना हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं इग्नोबेल पारितोषिक मिळालं. वैद्यकीय वाङ्मयात इतकं खट्याळ लेखन मी फारसं वाचलेलं नाही. पण रोगी एकच आणि परीक्षकही तोच! डेट्रॉइटची 1990 ची पाहणी जास्त वजनाची: पंचेचाळिशीपुढचे 300 जण. बोटं मोडणाऱ्यांत संधिवात जास्त नव्हता. हाताची सूज आणि पकडीतला अशक्तपणा मात्र जास्त दिसला. अंगर यांचे चाहते ही दुसरी ओळ सोयीस्कर गाळतात.

खरं भांडण आवाजाचं. लंडनच्या रॉस्टन आणि हेन्स यांनी 1947 साली बोट ओढत ओढत क्ष-किरण चित्रं काढली. ताण वाढतो, हाडं एकदम विलग होतात, सांध्यातल्या वंगणाचा दाब घसरतो आणि पोकळी तयार होते. आवाज तेव्हाच होतो. 1971 साली लीड्सच्या अन्सवर्थ, डाउसन आणि राइट यांनी उलट सांगितलं: आवाज या पोकळीचा, म्हणजे बुडबुड्याचा, फुटण्याचा. तेच पाठ्यपुस्तकांत रुजलं. 2015 साली कॅनडात ग्रेगरी कॉचुक यांच्या चमूनं एमआरआय यंत्रात बोटं खेचली, तर कडकन आवाज होऊनही पोकळी शाबूत! लंडनवाल्यांची सरशी झाली म्हणावं, तर 2018 साली सुजा आणि बराकत यांनी गणितानं दाखवलं की बुडबुडा अर्धवट आक्रसला तरी तेवढा आवाज होतो. मला त्यांचं पटतं. सेकंदाला जेमतेम तीन चित्रं टिपणाऱ्या एमआरआयला तो क्षण सापडणार कसा? मोडलेलं बोट वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही, हे मात्र सर्वांना मान्य.

गुडघ्याचा मामला वेगळा. उठता-बसता होणारी ‘कटकट’ बऱ्याचदा हाडावरून सरकणाऱ्या स्नायूबंधाची असते. दुखत नसेल तर सोडून द्यावी. उतारवयात सतत करकर होत असेल, तर दुखण्याकडे लक्ष ठेवावं. सोबत वेदना वा सूज असेल, सांधा मध्येच अडकत असेल, तर डॉक्टर गाठावा. आणि कबड्डीत पाय पिरगळून गुडघ्यात ‘खट्’ झालं, काही तासांत तो टम्म सुजला, तर अस्थिबंध तुटलेला असू शकतो. तेव्हा तेल चोळत बसू नये, मालीशवाल्याकडून ओढूनही घेऊ नये. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं.