पाय बधिर, तरी वेदना खरी

जबलपूरच्या रांझीतलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. घरातला कमावता मुलगा गच्चीवरून पडला, पाठीच्या कण्याला मार बसला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण कमरेखालचं अंग लुळं पडलं. घरात व्हीलचेअर आली आणि सगळ्यांनी कशीबशी मनाची समजूत घातली. मग एका रात्री तो कळवळून म्हणतो, ''आई, पायांची आग आग होतेय गं!'' आई पायाला चिमटा काढून पाहते. त्याला पत्ताही नाही. ''अरे, चिमटा कळत नाही, मग पाय दुखेल कसा? मनाचे खेळ आहेत रे हे.''

त्या दिवसापासून मुलगा दुखणं सांगायचंच सोडून देतो.

आईची माया खरी, पण समजूत चुकीची. मेंदू आणि शरीर यांच्यात निरोपांची ने-आण करतो तो मज्जारज्जू. त्याला इजा झाली की पायाचा निरोप वर पोचत नाही, म्हणून स्पर्श कळत नाही. मात्र दुखावलेल्या नसा स्वतःहूनच खोटे निरोप धाडू लागतात. ते पायाकडूनच आले, असं मेंदूला वाटतं. मग कुणाला आग होते, कुणाला सुया टोचतात, कुणाला विजेचा झटका बसल्यासारखं होतं. निरोप खोटा असला तरी वेदना खरी असते. मज्जारज्जूला इजा झालेल्या दर तिघांपैकी साधारण दोघांना कोणतं ना कोणतं कायमचं दुखणं जडतं.

प्रत्येक दुखणं वेगळं

खांद्यांचं दुखणं निराळं. व्हीलचेअर ढकलायची, खुर्चीतून पलंगावर सरकायचं, सगळा भार हातांवर! नसांच्या वेदनेवर मात्र नेहमीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलीनसारखी औषधं थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. ती मनाने घेऊ नयेत आणि एकदम बंदही करू नयेत. वेदना पूर्ण जाईलच असं नाही. पण रात्रीची झोप परत मिळाली, तरी घराला केवढा दिलासा!

दुखणं अचानक वाढलं, तर कारण शोधा. लघवी तुंबली आहे का, नळी दुमडली आहे का, बद्धकोष्ठ आहे का, अंथरुणाला पडून जखम झाली आहे का, ते पाहा. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि डोकं एकाएकी ठणकू लागून चेहरा लाल झाला, घाम सुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. रुग्णाला बसतं करा, कपडे सैल करा, नळी तपासा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

हालचाल हवीच

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. 1965च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात रुतली. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेला व्यायाम, मन रमवणारं काम आणि चार माणसांत मिसळणं यांनी वेदनेचा जोर कमी होऊ शकतो.

जबलपूरला नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज आहे. पुढच्या उपचारांसाठी मुंबईला हाजीअलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आणि दिल्लीला खास मणक्याच्या दुखापतींचं इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर आहे. तिथे जाताना एक वही सोबत न्या. दुखणं कुठे, कसं, केव्हा वाढतं, कशाने कमी होतं, हे रोज त्यात लिहून ठेवा. डॉक्टरांना तिचा मोठा आधार होतो.

आणि आईने? पुन्हा रात्री हाक आली, तर चिमटा काढून पाहू नये. उशाशी बसून एवढंच विचारावं, ''कुठे दुखतंय रे, बाळा?'' उपचाराची सुरुवात तिथूनच होते.