कर्जरोख्याच्या मागचा प्रश्न

‘तत्त्वज्ञ’ ही पदवी आपल्याकडे अलीकडे फार स्वस्त झाली आहे. ज्याच्या भाषणात दोन संस्कृत वचने आणि एखादे इंग्रजी अवतरण येते, त्यास व्याख्यानमालेचे संयोजक ती परस्पर बहाल करून टाकतात. उलट शिरूर वा दौंड येथील महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्यास तत्त्वज्ञान म्हणजे काय असे विचारावे, तर ज्याने पोट भरत नाही असा विषय, असे उत्तर तो निःशंकपणे देतो. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र, म्हणजे पोटाचाच. परंतु त्या शास्त्राचा पाया घालणारा ॲडम स्मिथ हा ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि राष्ट्रांच्या संपत्तीवरील १७७६ सालच्या ग्रंथाआधी सतरा वर्षे त्याने मानवी नीतिभावनांवर ग्रंथ लिहिला होता, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले थोडी चमकतात. परीक्षेत ती विचारली जात नाही, हा भाग वेगळा.

मग चांगला तत्त्वज्ञ म्हणावे तरी कोणास? पाठांतर ही त्याची कसोटी नव्हे, हे मान्य होण्यास अडचण नसावी. विद्वत्ता ही आवश्यक खरी, पण पुरेशी नाही. आपल्या नैयायिकांनी वादविवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे. सत्य कळावे म्हणून केलेली चर्चा तो वाद. जिंकावे म्हणून केलेली ती जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष केवळ खोडून काढावयाचा, ती वितंडा. आपल्या सार्वजनिक जीवनात जल्पास तोटा नाही, आणि वितंडेस तर निवडणुकीच्या दिवसांत ऊत येतो. वाद मात्र दुर्मिळ. कारण वादात उतरणाऱ्यास प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याहूनही समर्थपणे मांडून दाखवावे लागते, आणि ते खरे ठरल्यास आपले मत सोडण्याची तयारी ठेवावी लागते.

ही तयारी महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहावयास मिळाली आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन करून १९२३ साली ‘तर्कतीर्थ’ झालेले लक्ष्मणशास्त्री जोशी सनातन्यांचे पंडित म्हणून सुखाने नांदू शकले असते. त्यांनी तीच शास्त्रे अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने उभी केली, गांधीजींच्या चळवळीत ते वावरले, आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. मते बदलणाऱ्यास आपण सहसा ‘आयाराम’ म्हणतो. पण ज्याचे मत युक्तिवादाने बदलते तो निराळा, आणि ज्याचे सत्तेच्या वाऱ्याने बदलते तो निराळा. १९८३ साली पुण्यात प्रा. मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांच्या पुढाकाराने न्यायशास्त्राचे पंडित आणि आधुनिक विद्यापीठीय तत्त्वज्ञ एकत्र बसले व बर्ट्रांड रसेलच्या विधानविषयक उपपत्तीची त्यांनी चिकित्सा केली, हेही इथे आठवावे. रसेलला प्रमाण मानून पंडितांनी मान डोलावली नाही, आणि आमच्या पूर्वजांनी हे सारे आधीच सांगून ठेवले आहे, एवढे म्हणून तो विषय संपविलाही गेला नाही.

परंतु हे सारे ग्रंथांच्या प्रदेशातील झाले. मला जे उदाहरण अधिक मोलाचे वाटते ते आपल्याच मातीतील आहे.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने तेथील देशमुखावर हुकूमनामा मिळविला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढील १२ मे रोजी सुपे येथे, म्हणजे आजचे दौंड ज्यात मोडत असे त्या तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, बाजाराच्या दिवशी उठाव झाला व तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. या दंग्याचे वैशिष्ट्य असे की कुणब्यांचा रोख मुख्यतः कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता. कागद मिळाले की ते जाळावयाचे. जेथे ते बिनतक्रार हाती पडले, तेथे मारझोड बहुधा झाली नाही.

सरकारपुढे प्रश्न उभा राहिला तो कायदा व सुव्यवस्थेचा. त्याच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र निखळ तात्त्विक होता: अंगठा उठविला एवढ्यावरून करार न्याय्य ठरतो काय? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणे भाग केले होते. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. परिणाम असा की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. न्यायालयासमोर येई तो शेवटचा कागद. त्यावरील आकडा खरा, अंगठाही खरा. अंगठा उठविणाऱ्यास रोखा वाचता येत नव्हता, आणि नवा रोखा लिहून देण्यावाचून त्यास गत्यंतर नव्हते, या दोन गोष्टी मात्र त्या कागदावर कोठेच नमूद नसत.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य सांगितले. या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे यांनी, १८९३ साली उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी, या भागातील कनिष्ठ न्यायालयांची तपासणी केली. त्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्याचे मर्म या अनुभवावाचून कळणे कठीण. अर्थशास्त्राचे इंग्रजी सिद्धांत काही गृहीतांवर उभे आहेत: माणूस स्वहित जाणतो, करार करण्यास तो मोकळा असतो, श्रम व भांडवल हवे तिकडे जाऊ शकतात. ही गृहीते येथे लागू पडतात काय, असे रानड्यांनी विचारले. सिद्धांत त्यांनी आधी नीट समजून घेतला होता, म्हणूनच त्याची मर्यादा त्यांना दाखविता आली. रानड्यांची गणना कोणी तत्त्वज्ञांत फारशी करीत नाही. माझ्या मते ती करावयास हवी.

त्या कायद्याने सारे आलबेल झाले, असे मात्र कोणी समजू नये. सावकारांनी गहाणाऐवजी थेट खरेदीखते लिहून घेण्याची वाट काढली, आणि गरजेच्या वेळी कर्ज मिळणेही अवघड झाले. प्रश्न अचूक विचारला गेला तरी उपाय अचूक सापडतोच असे नाही.

आजचा तसाच प्रश्न पाण्याचा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांचे सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी पुणे शहर आणि कालव्याखालील हवेली, दौंड, इंदापूर हे तालुके यांच्यात वाटले जावयाचे. उन्हाळा आला की शहर म्हणते, पिण्याच्या पाण्याची गरज पहिली. दौंडचा शेतकरी म्हणतो, आम्ही या आवर्तनाच्या भरवशावर पिके उभी केली. दोन्ही बाजू आकडे फेकतात. पण ‘गरज’, ‘हक्क’ आणि ‘लाभ’ हे तीन शब्द एकाच वाक्यात एकमेकांची जागा घेत राहतात, इकडे कोणाचे लक्ष नसते. शहरातील मोटार धुण्याचे पाणी गरजेत बसते काय? उसाचे पाणी हक्कात मोडते की लाभात? दौंडच्या बाजूचा विद्यार्थी शहराची बाजू, आणि पुण्यास खोली घेऊन राहिलेला विद्यार्थी कालव्याची बाजू, प्रामाणिकपणे दहा मिनिटे मांडू शकेल, तर त्या वर्गात वाद घडला असे म्हणता येईल. आमच्या वर्गात हा प्रयोग करून पाहिला आहे. चौथ्या मिनिटास बहुतेक जण पुन्हा आपल्या गावी परततात.

आणि या सबंध भांडणात शिरूर तालुक्यातील पाबळ, कान्हूर मेसाई या बाजूच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा उल्लेखही येत नाही. आवर्तन लवकर सोडावे की उशिरा, हा वाद कालव्यावर ज्याची जमीन आहे त्यांचा. पाणी जमिनीच्या मालकास मिळावे की माणसास, असे विचारले तर हा शेतकरीही त्या वादात एक पक्ष ठरेल. तसे विचारले जात नाही तोवर त्याच्या वाट्यास येतो तो जानेवारीनंतरचा टँकर.