गोणीवरचे आकडे वाचू या



वडगाव रासाई म्हणजे भीमाकाठचं, उसाचं गाव. पाटी घेऊन सरीत खत टाकतो आपण बायकाच. पण कोणतं आणि किती आणायचं, हे दुकानात ठरतं. गटातून उचललेलं कर्ज खतात जातं, म्हणून हा हिशोब आपल्याला यायलाच हवा.

खत म्हणजे पिकाचं जेवण. नत्राने पानं, फुटवे वाढतात, स्फुरदाने मुळ्या जोमदार होतात, पालाशने ऊस भरतो, रोगापुढे टिकतो. डीएपीच्या गोणीवर १८:४६:० असतं. म्हणजे शंभर किलोत १८ किलो नत्र, ४६ किलो स्फुरद, पालाश नाही. ५० किलोच्या गोणीत याच्या निम्मं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र, बाकी कोणतंच अन्नद्रव्य नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसाला शिफारस आहे हेक्टरी २५०:११५:११५ किलो. एकरी साधारण १००:४६:४६. गोण्यांत मांडलं तर एकरी असं :

लागणीला : डीएपी एक, पोटॅश पाऊण.
सहा ते आठ आठवड्यांनी : युरिया दोन.
बारा ते सोळा आठवड्यांनी : युरिया अर्धी.
मोठ्या बांधणीला : युरिया दीड, डीएपी एक, पोटॅश पाऊण.

म्हणजे युरिया चारच गोण्या. जास्त टाकला की ऊस हिरवागार दिसतो, पण लुसलुशीत होऊन लोळतो, कीड लागते. उरलेलं नत्र पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतं, आणि तेच पाणी आपली लेकरं पितात.

खत वाफशावर, चळी घेऊन मातीआड करा. उघड्यावरच्या युरियातलं नत्र हवेत उडून जातं. शेणखत घाला, पाचट जाळू नका, सरीत कुजवा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वरचा हिशोब सर्वसाधारण आहे. आपल्या रानाचा नेमका हिशोब माती परीक्षणातून कळतो. खत टाकण्याआधी आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती घ्या; बांध, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा सोडा. सगळी मिसळून अर्धा किलो माती सहायक कृषी अधिकाऱ्यांमार्फत तपासायला द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक रिकामी खताची गोणी आणा. आकडे आपण मिळून वाचू!