पहिली ऑडिशन टीव्हीवर दिसतच नाही

"एवढी चांगली गाते जी सर, अन् जजनं तिले पाह्यलं पन नाई?"

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत गाणं शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी दरवर्षी ऐकतो. विचारणारे बाप बदलतात, मुलंही बदलतात. कधी खाणीतल्या डंपर ऑपरेटरचा मुलगा असतो, कधी रेल्वे कॉलनीतली मुलगी, कधी भद्रावतीहून सायकलने येणारा पोरगा. गोष्ट मात्र तीच. वाहिनीवर ऑडिशनची जाहिरात येते. घरात तयारी सुरू होते, नवा ड्रेस शिवला जातो. परीक्षकांच्या पाया कधी पडायचं, गाण्याआधी पडायचं की नंतर, याचीसुद्धा तालीम होते. पहाटेची गाडी धरून बाप-लेक नागपूरला पोहोचतात. सकाळपासून रांग, छातीवर नंबर, दुपार उलटल्यावर एका खोलीत बोलावणं. आत टेबलामागे दोन अनोळखी तरुण माणसं, समोर लॅपटॉप आणि फॉर्मचा गठ्ठा. मुलगी चार ओळी गाते. "थँक यू, पुढचे."

संध्याकाळच्या गाडीने परत येताना बाप ठरवून टाकतो की फसवणूक झाली, मोठे जज आलेच नाहीत. मुलगी वेगळं ठरवते. आपला आवाजच वाईट आहे, असं. दोघांचंही चुकतं, आणि दोन्ही चुका एकाच गैरसमजातून निघतात. टीव्हीवर जी पहिली ऑडिशन म्हणून दाखवतात, तीच पहिली ऑडिशन असते असं आपण धरून चालतो.

तशी ती नसते, आणि कधीच नव्हती. आधी साधा हिशेब करू. एका शहरात दहा हजार माणसं आली आणि परीक्षकांनी प्रत्येकाला फक्त एक मिनिट ऐकलं, तर दहा हजार मिनिटं होतात, म्हणजे १६६ तासांहून जास्त. दिवसाला आठ तास न उठता बसलं, तरी तीन आठवडे लागतील, तेही एका शहरासाठी. ज्या संगीतकाराच्या किंवा गायिकेच्या तारखा महिनोन्महिने आधी ठरलेल्या असतात, ती व्यक्ती असा वेळ कुठून काढणार? हा हिशेब पाचवीतलं पोर करेल. तरी दरवर्षी शिकलीसवरलेली माणसं मला सांगतात, "अहो, टीव्हीवर तर रांगेतून सरळ आत गेला!" रांग खरी असते, आत जाणंही खरं असतं. त्या दोन दृश्यांच्या मध्ये काही आठवडे कापलेले असतात, ते आपल्याला दिसत नाहीत.

या कार्यक्रमांचा साचा परदेशातून आला. २००१ साली ब्रिटनमध्ये 'पॉप आयडॉल' सुरू झालं, २००२ मध्ये अमेरिकेत 'अमेरिकन आयडॉल' आणि २००४ मध्ये आपल्याकडे 'इंडियन आयडॉल'. अमेरिकेतल्या निवडीच्या पद्धतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मैदानात ओळीने टेबलं मांडलेली असतात, उमेदवार चार-चारच्या गटाने पुढे जातात, आणि ऐकणारी माणसं निर्मिती विभागातली असतात. एका शहरात दहा हजारांवर माणसं आली, तर या फेरीतून साधारण शंभर ते दोनशे जण पुढे सरकतात. मग निर्मात्यांसमोर आणखी एक फेरी होते, तिथेही गळती लागते. त्यातून उरलेले परीक्षकांसमोर उभे राहतात, आणि पडद्यावर दिसते ती फक्त ही शेवटची पायरी.

यावर हटकून एक प्रश्न येतो. एवढ्या चाळण्या असतील, तर परीक्षकांसमोर बेसूर गाणारे कसे पोहोचतात? तेही निवडलेलेच असतात. अमेरिकन आयडॉलच्या तिसऱ्या पर्वात, २००४ साली, विल्यम हंग नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचं बेसूर गाणं जगभर गाजलं. तो काही रांग चुकवून आत घुसला नव्हता. आधीच्या फेऱ्यांतल्या लोकांनी त्याला ऐकून, विचार करून पुढे पाठवलं होतं, कारण कार्यक्रमाला हशाही हवा असतो. ही गोष्ट मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगतो. त्या पहिल्या टेबलावर "सर्वांत चांगलं कोण गातं?" एवढाच प्रश्न नसतो. तिथे कार्यक्रमासाठी माणसं जमवायची असतात. लोकगीताचा एक आवाज, गझलेचा एक, रॉकचा एक, एक लहानखुरी मुलगी, एक भारदस्त आवाजाचा मुलगा. सकाळपासून लतादीदींची तीच गाणी त्याच ढंगात चाळीस मुलींनी गायली असतील, तर एकेचाळिसावी सुरेल असूनही घरी जाऊ शकते. मग तो नकार तिच्या आवाजाचा निकाल कसा ठरेल?

आपल्याकडेही क्रम साधारण हाच आहे. शहरातल्या फेरीत वाहिनीची आणि निर्मिती संस्थेची माणसं ऐकतात, निवडलेल्यांना पुढे बोलावतात, प्रसिद्ध परीक्षक नंतर येतात. अजून शंका असेल तर २०२० आठवा. कोरोनामुळे इंडियन आयडॉलने बाराव्या पर्वाची पहिली फेरी ऑनलाइन घेतली आणि उमेदवारांनी सोनी लिव्हवर गाण्याचे व्हिडिओ पाठवले. ते हजारो व्हिडिओ पडद्यावरचे परीक्षक एकेक करून बघत बसले असतील, असं कोणाला वाटतं का? 'द व्हॉईस'मधल्या पाठ फिरवलेल्या खुर्च्यांचंही तेच. खुर्चीवरच्याला गायक दिसत नाही हे खरं, पण त्या गायकाला आधी कुणीतरी ऐकून, पाहून, निवडूनच मंचावर आणलेलं असतं.

मला चीड येते ती एका गोष्टीची. हे माहीत नसल्यामुळे आमची मुलं चुकीची तयारी करून जातात. आपल्या भागात गाण्याची वाण नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव जातात आणि मंडपातली माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. आनंदवनातल्या 'स्वरानंदवन'च्या कलाकारांनी किती मंच गाजवले आहेत. ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीतं रंगतात, गावातल्या भजनी मंडळांत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर चालतात. हे सगळं खुल्या मैदानातलं गाणं आहे. ते सावकाश चढतं, लोकांचा प्रतिसाद घेत फुलतं, तिसऱ्या गाण्यापासून आवाज मोकळा होतो. ऑडिशनच्या टेबलावर तिसरं गाणं नसतं, ढोलकी नसते, दाद देणारा मंडपही नसतो. बंद खोली आणि मिनिटभराचा अवधी एवढंच असतं. रात्रभर मैदान तोलून धरणारा गळा तिथे अडखळला, तर नवल नाही.

म्हणून तयारी त्या मिनिटाची करावी लागते. मूळ गाण्याच्या पट्टीचा हट्ट सोडून स्वतःच्या पट्टीत गावं. काळी चारला सुखाने गाणाऱ्या मुलीने केवळ ट्रॅक तसा आहे म्हणून वरच्या पट्टीत ओरडू नये. आलाप, मग मुखडा, मग अंतरा असा प्रवास करायला वेळ नसतो, तेव्हा आवाज जिथे खुलतो तिथूनच सुरुवात करावी. साथीशिवाय गाण्याची सवय हवी, कारण भीतीने लय वाढते आणि लयीबरोबर षड्जही वर सरकतो. घरी मोबाइलवरच्या तानपुऱ्याने सुरुवात करून तो बंद करावा, गाऊन झाल्यावर पुन्हा लावून बघावा. आपण कुठे पोहोचलो ते लगेच कळतं. दोन-तीन वेगवेगळ्या ढंगांची गाणी तयार ठेवावीत. "दुसरं काही ऐकव," असं म्हटलं तर ती चांगली खूण असते, आणि नेमकी तिथेच आमची मुलं गडबडतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ऑडिशनला पैसे भरावे लागतात, असं कोणी सांगितलं तर तो ठग समजावा. मोठ्या वाहिन्यांची नोंदणी मोफत असते आणि वाहिन्या स्वतःच तसा इशारा देतात. शास्त्रीय शिक्षणाशिवाय निवड होत नाही, हेही खरं नाही. शिक्षणाने सूर पक्का होतो, पण तिथे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. लहान गावातल्यांना कोणी घेत नाही, असं म्हणणाऱ्यांनी झी मराठीचं २००८-०९ मधलं 'लिटिल चॅम्प्स' आठवावं. कार्तिकी गायकवाड आळंदीची, मुग्धा वैशंपायन अलिबागची, रोहित राऊत लातूरचा. टीव्हीवर ऐकू येतो तो आवाज जसाच्या तसा असतो, असंही समजू नये. २०१० मध्ये ब्रिटनच्या 'एक्स फॅक्टर'मध्ये ऑडिशनच्या आवाजावर सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून वापरल्याचं प्रेक्षकांनी ओळखलं आणि मोठा गदारोळ झाला. परीक्षकांचं कौतुक म्हणजे शंभर टक्के निखळ मत, असंही नाही. २०२१ मध्ये इंडियन आयडॉलच्या किशोरकुमार विशेष भागात आलेल्या, किशोरकुमारांचे पुत्र अमितकुमार यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की सगळ्यांचं कौतुक करा, असं त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं. आणि बाहेर पडलं की संपलं, असं वाटत असेल तर अरिजित सिंग २००५ च्या 'फेम गुरुकुल'मधून बाद झाला होता आणि नेहा कक्कर इंडियन आयडॉलच्या दुसऱ्या पर्वातून, हे लक्षात ठेवावं. नेहा पुढे त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली.

घरची गरिबी सांगितली की निवड होते, हा समज मला सर्वांत जास्त टोचतो. पडद्यावर रडण्याचे प्रसंग भरपूर असतात, त्यामुळे तो पसरला. पण ते चित्रीकरण निवडीनंतरच्या टप्प्यावरचं असतं. पहिल्या टेबलावरचं मिनिट गाण्यासाठी असतं. मुलांना बापाच्या कष्टांचं भाषण पाठ करायला लावणाऱ्या पालकांना मी हात जोडून सांगतो, तेवढा वेळ तिला सरगम करू द्या.

सुरुवातीला जिच्या बापाचा प्रश्न लिहिला, ती मुलगी नागपूरहून आल्यावर तीन आठवडे क्लासला आली नाही. मग एक दिवस आली आणि दाराशीच उभी राहिली. मी तिला वरचा दहा हजार मिनिटांचा हिशेब वहीत मांडायला लावला. तिने भागाकार केला, उत्तराकडे बघितलं आणि विचारलं, "म्हंजे त्यायनं मले ऐकलंच नाई का?" "ऐकलं, पण ज्यांनी ऐकायला हवं असं तुला वाटत होतं, त्यांनी नाही," मी म्हणालो. त्या दिवशी तानपुरा बंद करून गायली, तेव्हा अंतऱ्याला पोहोचेपर्यंत ती काळी चारवरून पांढरी सहाकडे सरकली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही मिनिटभराचा गजर लावतो. परवा गजर वाजला, मी तानपुरा सुरू केला, आणि तिचा षड्ज काळी चारवरच होता.