बोट लागताच थांबणारे यंत्र

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका कादंबरीचे ध्वनिमुद्रण पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत चालले होते. हल्ली वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे अधिक, तेव्हा प्रकाशकांचा आग्रह मोडवला नाही. वाचन एका नटाने केले होते. माझे तसे काही काम नव्हते. तरीही सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या दिवशी, ज्याला तिथे मिक्सिंग म्हणतात, मी जाऊन बसलो. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला दुसऱ्याचा हिशेब जुळताना पाहण्याची खोड असते.

समोर लांबरुंद टेबल. त्यावर ओळीने उभ्या खाचा आणि प्रत्येक खाचेत दहा सेंटिमीटर वरखाली सरकणारी एक घुंडी. हिला फेडर म्हणतात. एक फेडर निवेदकाच्या आवाजाचा, एक पावसाचा, एक एस.टी. स्टँडवरच्या गर्दीचा. वर नेला की तो आवाज मोठा, खाली आणला की लहान. इथवर समजले. मग तिथल्या मुलीने एक बटण दाबले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि घुंड्या आपोआप हलू लागल्या! पाऊस खाली आला, निवेदक बोलू लागला. तो थांबताच पाऊस पुन्हा वर चढला.

"भूत नाही, काका," ती हसून म्हणाली. "मघाशी मीच हलवल्या होत्या. आता त्या आठवून हलतायत."

प्रत्येक घुंडीखाली एक चिमुकली मोटर असते. घुंडी कुठे आहे आणि कुठे असायला हवी, हे यंत्र सतत ताडून पाहते आणि फरक पडला की मोटर तेवढी ढकलते. आम्ही रोजकीर्द आणि खतावणी ताडून पाहत असू, तसेच. फक्त आम्ही दिवसातून एकदा, हे सेकंदाला अनेक वेळा.

पूर्वी हे सारे हातांनी होई. १९७५ साली इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावी 'टेन सीसी' या चमूने 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह' हे गाणे केले. तिघांचे आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून त्यांनी सहाशेहून अधिक आवाजांचा समूह उभा केला आणि एकेक स्वर एकेका फेडरवर घेतला. मग चमूतली मंडळी टेबलाशी दाटीवाटीने बसून, जणू ते एक वाद्यच आहे अशा थाटात, फेडर वरखाली करीत राहिली. आपल्याकडे परळच्या राजकमलमध्ये मंगेश देसाई चित्रपटांचे ध्वनिमिश्रण करीत. त्यांच्या कानाचा आणि हाताचा दबदबा जुनी मंडळी अजून सांगतात. हजार फुटांचे एक रीळ म्हणजे सुमारे अकरा मिनिटे. हातावरच सारा भरवसा असताना दहाव्या मिनिटाला बोट चुकले, तर केलेले बरेचसे पाण्यात.

म्हणून हाताला स्मरणशक्ती देण्याचे प्रयत्न सत्तरच्या दशकात सुरू झाले. सुरुवातीच्या यंत्रांत घुंडी स्वतः हलत नसे. आवाज आतल्या आत विजेच्या दाबाने कमीजास्त होई आणि घुंडी मात्र होती तिथेच. म्हणजे पासबुकात एक शिल्लक आणि लेजरमध्ये दुसरी! शिवाय या हालचालींची नोंद टेपवरच्याच एका ट्रॅकवर होई. दुरुस्ती करायची तर ती नोंद वाचत वाचत, नवे बदल मिसळून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायची. प्रत्येक उतरवणीत किंचित उशीर होई. पाचसहा दुरुस्त्या झाल्या की जुन्या हालचाली कानाला खटकण्याइतक्या मागे पडत. नोंद बरोबर, वेळ चुकलेली.

१९७७ साली लंडनच्या एअर स्टुडिओत नीव्ह कंपनीची 'नेकॅम' ही यंत्रणा बसली आणि संगणकाच्या हुकमावर घुंड्या खरोखरच हलू लागल्या. हालचाल कोणत्या क्षणी करायची, हे आता टेपवरच्या घड्याळावरून ठरू लागले. त्याला टाइमकोड म्हणतात: तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. आपल्याकडच्या टीव्हीच्या हिशेबाने सेकंदाच्या पंचवीस फ्रेम, म्हणजे एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे मी त्या मुलीला विचारले. तिने एक वाक्य पुन्हा वाजवले. निवेदक बोलू लागला आणि लगोलग पाऊस खाली आला. काहीतरी खुपले.

"वाक्य ऐकून मी हात खाली घेतला ना, म्हणून," ती म्हणाली. "कानानं ऐकून हात हलेपर्यंत चारपाच फ्रेम जातात. यंत्राला माझा हात आठवतो, तसा हाताचा उशीरही आठवतो." तिने ती सारी हालचाल पडद्यावर पकडून पाच फ्रेम मागे सरकवली. आता पाऊस शब्दाच्या आधी, निवेदकाने श्वास घेतानाच ओसरला. आणि पाऊस कमी केला गेला हे कळेनासे झाले.

मग ती म्हणाली, "लावून बघा बोट." निवेदकाचा फेडर चालत होता. मी भीतभीत त्यावर बोट टेकवले. मोटरने तत्क्षणी जोर सोडला. घुंडी माझ्या बोटाखाली लोण्यासारखी मऊ झाली. बोट उचलले, तशी ती सावकाश आपल्या जुन्या वाटेला लागली. कातडीचा स्पर्श तिला विजेने कळतो. पेन्सिलीच्या टोकाने ढकलली, तर कळत नाही. ती भांडत राहते.

माझे बोट तसेच हवेत राहिले. मला आमची शाखा आठवली.

१९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत बँकांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, मग संगणक. १९९८ च्या सुमारास मी एका शाखेत अधिकारी होतो. एका शुक्रवारी एक वयस्क बाई आल्या. त्यांच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला दुसऱ्या शाखेतल्या कर्जखात्यात हप्ता जाई. तशी स्थायी सूचनाच संगणकात होती. "या महिन्यात तेवढा थांबवा," त्या म्हणाल्या. "यांचं ऑपरेशन आहे, दवाखान्याला चेक दिलाय." मी चिठ्ठी लिहून घेतली आणि टेबलावरच्या काचेखाली ठेवली. सोमवारी सकाळी नेहमीच्या सवयीने संगणकाचा दिवस सुरू केला. हप्ता गेला. चिठ्ठी काचेखालीच होती. दुपारच्या क्लिअरिंगमध्ये दवाखान्याचा चेक परत गेला आणि ऑपरेशन दोन दिवस लांबले.

त्या आल्या, तेव्हा मी म्हणालो, "काय करणार आजी, सिस्टीममधून गेलं." त्या रागावल्या नाहीत. "सिस्टीम कोणाच्या हाताखाली असते, साहेब?" एवढेच त्यांनी विचारले. यजमान पुढे बरे झाले. पण माझे ते वाक्य बरे झाले नाही. यंत्र बिचारे सांगितल्या वेळी सांगितले ते करून मोकळे झाले होते. बोट लावायचे होते ते मी, आणि मी उशीर केला होता.

सगळे आपोआप चालेल असे यंत्र आता ठायीठायी आहे आणि मला त्याचे वावडे नाही. हातापेक्षा ते बिनचूक, न थकणारे. पण ते चांगले की वाईट हे मी आता एकाच गोष्टीवरून जोखतो: माणसाचे बोट लागले की ते जोर सोडते का? आणि बोट लावायला कोणी जागा आहे का?

निघण्यापूर्वी मी त्या मुलीकडे एक मागणे मागितले. एका प्रकरणाच्या शेवटी पाऊस लगेच चढत होता. मला तिथे थोडी शांतता हवी होती. "तुम्हीच करा," म्हणून तिने खुर्ची सरकवली. ते वाक्य आले. मी पावसाच्या फेडरवर आधीच बोट ठेवून बसलो होतो. या वेळी उशीर झाला नाही.