झिको गोव्यात आला, पण वेळ घेऊन आला नाही

मिरकरवाड्यातून बोलतोय. ज्यांच्याकडे रेंज नाही, नेट संपलंय किंवा इअरफोन धाकट्या भावाने पळवलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलताना जे 'म्हणजे', 'तर', 'हां' जास्त झाले होते ते थोडे काढलेत. बाकी जे बोललो तेच आहे.

आजचा विषय झिको. यूट्यूबवर त्याचं नाव टाकलंत तर फ्री किकच्या क्लिप येतील. भिंतीवरून वळून वरच्या कोपऱ्यात जाणारा बॉल, आणि जागच्या जागी गोठलेला गोलकीपर. ते बघाच. पण आज मला त्या क्लिपनंतरचा झिको सांगायचाय, म्हणजे कोच झिको. कारण हा माणूस आपल्या शेजारी येऊन राहिला होता. रत्नागिरीत कोकण रेल्वेत बसायचं आणि मडगावला उतरायचं, इतक्या जवळ. २०१४ ते २०१६ असे तीन सीझन तो एफसी गोवाचा कोच होता.

आधी थोडक्यात ओळख. पूर्ण नाव आर्थर आंतुनेस कोइंब्रा. जन्म ३ मार्च १९५३, रिओ दि जानेरो. क्लब फ्लामेंगो. रिओच्या माराकाना मैदानावर सगळ्यात जास्त गोल कोणाचे, तर याचे. १९८१ मध्ये फ्लामेंगोने दक्षिण अमेरिकेतली सर्वात मोठी स्पर्धा, कोपा लिबर्तादोरेस, जिंकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टोकियोत लिव्हरपूलला ३-० हरवलं. त्या टीमचा मेंदू झिको होता.

वर्ल्ड कप मात्र त्याला मिळाला नाही. १९७८, १९८२ आणि १९८६, तीन खेळला. १९८२ ची ब्राझीलची टीम न जिंकताही लोकांच्या लक्षात राहिली. इटलीविरुद्ध बरोबरी पुरली असती, पण पावलो रॉसीने हॅटट्रिक केली आणि ब्राझील ३-२ ने हरलं. १९८५ मध्ये एका टॅकलने झिकोचा गुडघा गेला. १९८६ मध्ये तशाच गुडघ्यावर फ्रान्सविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि लगेच मिळालेली पेनल्टी चुकवली. नंतर शूटआउटमध्ये त्याने गोल केला, पण ब्राझील बाहेर गेलं.

आता मुद्द्यावर येतो. आपण सगळे एक वाक्य सर्रास बोलतो: 'एवढा मोठा खेळाडू, तो कोच झाला म्हणजे टीम जिंकणारच.' हे कुठे खरं ठरतं आणि कुठे फसतं, ते झिकोच्या करिअरमध्ये स्वच्छ दिसतं. त्यासाठी दोन गावं शेजारी ठेवूया, जपानमधलं काशिमा आणि आपलं मडगाव.

१९९१ साल. झिको ३८ वर्षांचा. त्याआधी तो ब्राझील सरकारात क्रीडा खात्याचं काम बघून आलेला. तिथून तो जपानला गेला, काशिमा नावाच्या छोट्या औद्योगिक गावात. सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीची टीम होती, तीही दुसऱ्या डिव्हिजनमधली. जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक लीग सुरूच झाली नव्हती. विचार करा, माराकानाचा राजा कारखान्याच्या टीममध्ये!

पण इथे त्याला एक गोष्ट मिळाली, वेळ. तो आधी खेळाडू म्हणून त्या पोरांसोबत राहिला. सरावाला कसं यायचं, हरल्यावर कसं वागायचं, पास देताना समोरच्याच्या कोणत्या पायावर द्यायचा, हे त्याने फळ्यावर लिहून दाखवलं नाही, रोज करून दाखवलं. १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली. टीमचं नाव आता काशिमा अँटलर्स. पहिल्याच सामन्यात नागोयावर ५-० असा विजय, आणि चाळिशीतल्या झिकोची हॅटट्रिक! पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. काशिमाने लीग पहिल्यांदा जिंकली ती १९९६ मध्ये, तो मैदानात नसताना. आज जपानमध्ये सर्वाधिक लीग जेतेपदं याच क्लबची आहेत, आणि स्टेडियमबाहेर झिकोचा पुतळा उभा आहे. शिकवलेलं मुरलंय की नाही, ते शिकवणारा मैदानाबाहेर गेल्यावरच कळतं.

मग २००२ मध्ये तो जपानच्या राष्ट्रीय टीमचा कोच झाला. २००४ मध्ये चीनमध्ये जाऊन फायनलमध्ये चीनलाच ३-१ हरवलं आणि आशियाई कप आणला. पण २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८४ व्या मिनिटापर्यंत १-० पुढे असलेला जपान १-३ ने हरला. शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत तीन गोल खाल्ले. हा सामना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यानंतर तुर्कस्तानच्या फेनरबाहचेला २००७ मध्ये, क्लबच्या शताब्दी वर्षात, लीग जिंकून दिली. पुढच्याच सीझनला चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलपर्यंत नेलं. मग उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराक, कतार. कुठे काही महिने, कुठे वर्षभर. बॅग भरायची, निघायचं.

आणि २०१४ मध्ये गोवा. वय ६१.

पहिली आयएसएल १२ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली. दहा आठवडे! आठ टीम, लीगचे चौदा सामने. बरेच भारतीय खेळाडू आय-लीगच्या क्लबांकडून तेवढ्यापुरते घेतलेले. गोव्याचे तर कितीतरी धेंपोमधले. परदेशी खेळाडू आले, सीझन संपला, गेले.

आता हे मिरकरवाड्यातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी शाकारून ठेवायच्या, जाळी दुरुस्त करायची. ऑगस्टमध्ये पुन्हा सुरुवात. खलाशी कोणी गावातले, कोणी नेपाळहून आलेले, काही जुने, काही एकदम नवे. तांडेल कितीही हुशार असू द्या, पहिल्या काही फेऱ्यांत तोही आवाज चढवूनच काम करतो. कोण दोरी कशी ओढतो, कोणाला एकदा सांगितलं की कळतं, कोणाला तीनदा सांगावं लागतं, हे समजायला वेळ जातो. नंतर नंतर तो बोलतच नाही, नुसतं बघतो आणि खलाशी हलतात. आता कल्पना करा, त्या तांडेलाला सांगितलं, दहा आठवडे झाले, उतर. पुढच्या वर्षी नवे खलाशी देतो. झिकोचं गोव्यात हेच झालं.

तरी बघा त्याने काय केलं. २०१४ मध्ये सुरुवातीला टीम अडखळली, मग सावरली आणि लीगमध्ये दुसरी आली. सेमीफायनलचे दोन्ही सामने कोलकात्याविरुद्ध ०-०, आणि फातोर्ड्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये पराभव. २०१५ मध्ये गोवा लीगमध्ये पहिला. त्याच सीझनला मुंबई सिटीला ७-० हरवलं. हाओकिपची हॅटट्रिक, दुदूची हॅटट्रिक आणि एक रेनाल्डोचा. मुंबईवाल्यांनो, सॉरी, पण सांगावं लागतं.

मग २० डिसेंबर २०१५. फायनल, घरचं फातोर्डा मैदान, समोर चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने गोवा २-१ पुढे. कप जवळजवळ हातात. आणि तिथून दोन-तीन मिनिटांच्या अंतराने दोन गोल. एक गोलकीपर कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल, दुसरा मेंडोझाचा. ३-२. संपलं.

ऑस्ट्रेलियाचा सामना आठवला का? तेच दुखणं, नऊ वर्षांनी. खेळाडू झिको असता तर शेवटच्या मिनिटांत बॉल पायाशी घेऊन कॉर्नरकडे गेला असता, फाऊल मिळवला असता, सगळ्यांना श्वास घेऊ दिला असता. कोच झिको लाइनच्या बाहेर. घाबरू नका, हे ओरडून सांगता येतं, पण ओरडल्याने भीती जात नाही. तिथे उपयोगी पडते ती सवय, आणि सवय दहा आठवड्यांत अंगात उतरत नाही. एका फायनलवरून सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. दहा वर्षं सोबत असलेल्या टीमही शेवटच्या मिनिटाला हरतात. पण २०१६ बघा. तोच कोच, तेच मैदान, आणि गोवा आठ टीममध्ये आठवा. वर्षभरात झिकोची अक्कल कमी झाली का? नाही. टीम पुन्हा पहिल्यापासून बांधायची होती.

पुढे २०१७-१८ पासून आयएसएलचा सीझन लांबला, चार-पाच महिन्यांचा झाला. झिकोनंतर आलेल्या सर्जिओ लोबेराला टीम घडवायला जास्त अवधी मिळाला, आणि २०१९ मध्ये गोव्याने सुपर कप जिंकला. मंदार राव देसाईसारखी पोरं दोघांच्या हाताखाली खेळली. आणि रोमियो फर्नांडिस आठवतो का? झिकोच्या पहिल्या सीझननंतर २०१५ मध्ये हा गोव्याचा पोरगा ब्राझीलच्या अॅटलेटिको परानाएन्से क्लबकडून खेळायला गेला होता. म्हणजे त्या तुटपुंज्या वेळातूनही काहीतरी उगवलंच.

हे सगळं आज का बोललो? मला एका ऐकणाऱ्याची व्हॉइस नोट आली. एकोणीस वर्षांचा आहे, गुडघ्याची लिगामेंट गेली, डॉक्टर खेळू नको म्हणतात. वाडीतल्या लहान पोरांना शिकवावं असं त्याला वाटतं. पण लोक विचारतात, 'तू स्वतः कुठे मोठा खेळलास रे?'

भावा, माझं म्हणणं ऐक. झिको तुझ्यापेक्षा किती मोठा खेळला हे मोजण्यात अर्थ नाही. पण गोव्यात झिकोकडे जे नव्हतं ते तुझ्याकडे आहे. ती दहा वर्षांची पोरं उद्या कुठे जाणार नाहीत. रोज संध्याकाळी तिथेच असणार, पुढची सहा-सात वर्षं. एक तास दे, रोज दे. जमलं तर फुटबॉल महासंघाच्या सुरुवातीच्या कोचिंग कोर्सची चौकशी कर, लायसन्सची पायरी तिथूनच सुरू होते. आणि पहिल्या वर्षी सगळे सामने हरलात तरी पोरांना नवीन कोच शोधायला लावू नकोस.

जाता जाता एक. २०१८ मध्ये झिको टेक्निकल डायरेक्टर म्हणून पुन्हा काशिमाला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काशिमा पहिल्यांदा आशियाचा क्लब चॅम्पियन झाला. पहिल्यांदा त्या गावात पाऊल ठेवल्याला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या गावात पोरांना फुकट शिकवणारं कोणी असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, त्यांच्याबद्दल बोलू.